काशीभाऊंची लाल चिंधी

काशीभाऊ बसलेले मी फार कमी वेळा पाहिले. चहा उभ्याने, जेवण उभ्याने, आणि फोन आला की गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. मुरबाडच्या बाजारात त्यांचा फोटो-व्हिडिओचा गाळा आणि माझं शिवणाचं दुकान शेजारी शेजारी होतं. मध्ये एकच भिंत, तीही नावाला. पलीकडे त्यांच्या चपला फटफटायच्या, अलीकडे माझं मशीन. शेवटी मीच वैतागून ओरडायचे, "काशीभाऊ, बसा की जरा! तुमच्या नादानं माझी टीप वाकडी पडते."

"बसतोय कुठला आता, एकदम आडवाच होईन," पलीकडून उत्तर यायचं, आणि चपला पुन्हा सुरू.

आता त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकतात. काशीभाऊंना त्यांचा मुलगा बदलापूरला घेऊन गेला. तिथल्या चौथ्या मजल्यावर हा माणूस दिवसभर काय करत असेल, याची मला काळजी वाटते. लिफ्टची वाट बघणं काही त्यांच्याच्याने व्हायचं नाही.

मूळचे धसईकडचे. घरची भातशेती धाकटा भाऊ बघायचा, कारण काशीनाथला शेतात उभा केला तर रोपं लावायच्या, आवणीच्या दिवशीच कापणी कधी म्हणून विचारील, असं त्यांचे वडील म्हणत. कल्याणला जायचं असलं की जीपमध्ये बसायचे. जीप भरत नाही म्हणून उतरून पुढच्या जीपमध्ये जायचे. तोवर मागची भरून निघून जायची. मग हे ड्रायव्हरला शिव्या देत स्टँडवर फिरत राहायचे आणि शेवटी एसटीने जायचे. त्यांच्या बायकोला, मंजुळावहिनींना, मी एकदा विचारलं की घरी तरी गप बसतात का. "आमच्याकडं भाताला वाफ येईस्तोवर झाकण राहत नाय गो," त्या म्हणाल्या. "उघडून बघतो, परत झाकतो, परत उघडतो. त्याच्या हाताखाली भात शिजतो हेच देवाचं देणं."

पण याच अस्वस्थपणामुळे त्यांचं शूटिंग चांगलं व्हायचं, हे मान्य केलं पाहिजे. हळदीत नवरीच्या आत्याला रडू येणार, हे आत्याच्या आधी काशीभाऊंना कळायचं. इकडे ढोल वाजतोय तोवर हे तिकडे चुलीपाशी, कारण आचारी आणि नवरीचा काका यांच्यात आता जुंपणार. त्यांच्या व्हिडिओत माणसं कॅमेऱ्याकडे बघत नसत, कारण काशीभाऊ कुठे आहेत हे कोणालाच माहीत नसायचं.

असा हा माणूस एकाच कामापुढे थांबायचा. संगणकाला लावलेला पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क काढायची वेळ आली की त्यांचे पाय, हात, जीभ सगळं जागच्या जागी राहायचं.

त्याची सुरुवात माझ्या दुकानातून व्हायची. "सुमनताई, लाल हाय का?" असं विचारत ते आत यायचे आणि मी ब्लाउजच्या अस्तराची उरलेली लाल चिंधी त्यांना द्यायचे. संगणकाला काही लावलं की आधी त्याला ती चिंधी बांधायची. चिंधी बांधली म्हणजे काम चालू, कोणी हात लावायचा नाही. सोडायची फक्त काशीभाऊंनी. गिऱ्हाईक खुर्चीच्या काठावर बसलेलं असायचं, पडद्यावरची हिरवी पट्टी भरत यायची, भरायची, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, झालं की! द्या काढून.

"झालं नाय," काशीभाऊ म्हणायचे. "पट्टी भरली म्हणजे ताटातलं संपलं. तोंडात घास हाय त्याच्या. गिळू दे."

मग पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात जाऊन ते संगणकाकडे डिस्क काढायची परवानगी मागायचे. कधी संगणक नाही म्हणायचा, डिस्क वापरात आहे. "आत कोनतरी बसलाय अजून," असं म्हणत काशीभाऊ उघडलेल्या खिडक्या एकेक बंद करायचे. "चला, उठा, पंगत उठली, तुमी पण उठा." अखेर परवानगी यायची. तरी हात पुढे जायचा नाही. डिस्कवरचा बारीक निळा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत ते त्याच्याकडे बघत राहायचे. "नैवेद्य दाखवला की लगेच ताट ओढता काय देवापुढनं?" दिवा विझला की चिंधी सुटायची, डिस्क निघायची, आणि पुन्हा चपलांची फटफट.

एकदा एक डीजेवाला हळदीची गाणी भरून घ्यायला आला होता. अंगावर चकचकीत शर्ट, बाहेर टेम्पो चालूच ठेवलेला. पट्टी भरताच त्याने चिंधीसकट पेनड्राइव्ह उपटायला हात घातला. काशीभाऊंनी त्याचं मनगट असं धरलं की मला वाटलं आता मारामारी होते.

"दादा, सोडा, टाइम नाय मला. गाणी तर हायत," डीजेवाला म्हणाला.

"गाणी परत भरतील. पन सवय हाताला लागली ना, एक दिवस भलतंच उपटशील."

डीजेवाला हसला. काशीभाऊ हसले नाहीत. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. एवढ्याशा पेनड्राइव्हसाठी एवढा घाम का, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. बाजारात बाकी सगळ्यांना ठाऊक होतं.

धसईच्या पुढे एका वाडीत बाळाराम नावाचा शेतकरी होता. त्याच्या एकुलत्या एक मुलीचं, रंजनाचं, लग्न. नवरा आटगावचा. शूटिंग काशीभाऊंचं. त्या वेळी त्यांची कामाची रीत वेगळी होती. मांडवातच कोपऱ्यात टेबल टाकायचं, जनरेटरच्या लाइनवर लॅपटॉप लावायचा आणि कॅमेऱ्याचं कार्ड भरलं की त्यातलं सगळं तिथल्या तिथे हार्डडिस्कवर हलवायचं. हलवायचं म्हणजे हलवायचंच, मागे प्रत ठेवायची नाही. रिकामं झालेलं कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात. घाईच्या माणसाची घाईची रीत, पण तोवर कधी दगा दिला नव्हता. त्या दिवशीही हळद, मंगलाष्टकं, जेवणावळ असं सगळं डिस्कवर चढलं, आणि पट्टी भरताच काशीभाऊ डिस्क तशीच लावलेली ठेवून रिकामं कार्ड घेऊन पाठवणीचं शूटिंग करायला पळाले. परत आले तर डिस्कची वायर टेबलाखाली लोंबत होती. पुन्हा लावली तर संगणक विचारतो, ही डिस्क फॉरमॅट करायची का? म्हणजे सगळं कोरं.

कल्याणला एका दुकानात डिस्क नेली. त्याने जे काढून दिलं ते बघवत नव्हतं. अर्धी हळद, मध्येच गोठलेली माणसं, चेहऱ्यांवर करडे पट्टे. धड राहिली ती फक्त पाठवणी, आणि पाठवणीत सगळे होते, रंजनाचा बाप तेवढा नव्हता. पोरगी निघताना बाळाराम मांडवाच्या मागे निघून गेला होता. चारचौघांत डोळ्यांतून पाणी काढणाऱ्यातला तो माणूस नव्हता.

वायर कोणी ओढली, हे कोणाला विचारावंच लागलं नाही. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग! काशीनाथ तो काशीनाथच, पळता पळता ओढली असणार. माझीही तीच खात्री होती. कोणी तोंडावर विचारलं तर काशीभाऊ एवढंच म्हणायचे, "हां, ओढली गेली." त्या बाजूच्या गावांतून त्यांना बोलावणं येणं बंद झालं. पोरीचं लग्न घालवणारा म्हणून नाव पडलं. मग ते मोटरसायकलवर कॅमेरा बांधून किन्हवलीकडून थेट शहापूर साइडला कामं घ्यायला लागले, जिथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं.

आणि पुढच्याच पावसाळ्यात बाळाराम गेला. ताप आला, अंगावर काढला, आणि दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. दिवसकार्याला लावायला घरात फोटो नव्हता. शेवटी आधारकार्डावरचा मोठा करून लावला, ज्यात कुठलाही माणूस स्वतःलासुद्धा ओळखत नाही.

रंजना त्यानंतर पहिल्यांदा माहेरी निघाली तेव्हा मुरबाडला उतरून थेट काशीभाऊंच्या दारात आली. मी बाहेरच होते. रडली नाही, भांडली नाही. "काका, बाबा कुठंच नाय. हलताना, बोलताना असा कुठं असेल तर बघा ना."

"बघतो गो," काशीभाऊ म्हणाले.

तेव्हापासून दिवाळीला, आखाजीला, माहेरी येता-जाता ती दारात उभी राहायची. "काका, काय सापडलं?" आणि हे म्हणायचे, "बघतोय." नुसतं म्हणायचे नाहीत. हा माणूस त्या लग्नाला कोण कोण आलं होतं ते शोधत गावोगाव हिंडत होता. कोणाच्याही घरी गेले की पाण्याच्या आधी जुना फोन मागायचे. पीठाच्या डब्यातून, देव्हाऱ्याच्या खणातून, पोरांच्या खेळण्यांतून, काच फुटलेले, बटणं गेलेले फोन निघायचे. ते आणून, चार्ज करून, चिंधी बांधून उतरवून घ्यायचे. त्यात काय असायचं? बँडवाले, जेवणाची पत्रावळ, कोणाचा तरी अंगठा. पण काशीभाऊ माझ्या दुकानात धावत यायचे.

"सुमनताई, बाळारामचा खांदा सापडला! टॉवेल हाय खांद्यावर, बघायला या."

एकदा पाठ सापडली. एकदा पाणी वाढणारा हात. असा तो माणूस तुकड्या-तुकड्याने गोळा होत होता, आणि चेहरा काही केल्या येत नव्हता. मला या सगळ्याचा राग यायचा. अहो, चूक झाली, माफी मागा आणि मोकळे व्हा, असं मी त्यांना कितीदा सुनावलं असेल. ते ऐकायचे आणि विषय बदलायचे.

मग एका दुपारी माझ्या लक्षात आलं की पलीकडे चपला वाजत नाहीत. आधी बरं वाटलं. मग करमेना. मशीन थांबवलं आणि डोकावले, तर काशीभाऊ स्टुलावर बसलेले. बसलेले! मी घाबरलेच. छातीत वगैरे दुखतंय का म्हणून विचारलं.

"आटगावला रंजनाच्या नवऱ्याच्या मामीचा फोन मिळाला," ते म्हणाले. "कुलूप लावलेल्या ट्रंकेत होता. बघा."

मामीने वऱ्हाडाच्या बसमधून, खिडकीतून शूटिंग केलं होतं. बस सुटायच्या बेतात, आत बायकांचा गलका. खिडकीच्या पलीकडे मांडवाची मागची बाजू, आणि तिथे बाळाराम. अख्खा. डोकं, तोंड, सगळं. पोरगी निघाली तेव्हा तो रडायला गेला नव्हता. आवराआवर करत होता. आमच्याकडचे बाप असंच करतात, काळीज फाटायला लागलं की हाताला काम लावतात. खुर्च्यांवर खुर्च्या चढवत होता, कोणी न सांगता. मग कोपऱ्यातल्या टेबलाशी आला. तेही आवरायला. लॅपटॉपच्या बाजूची डिस्क उचलली, वायर फाटकन ओढली. तेवढ्यात बसने हॉर्न दिला. त्याने दचकून वर पाहिलं, एकदा हातातल्या वायरीकडे पाहिलं, पुन्हा बसकडे, आणि तसाच वायर धरलेला हात वर करून ओरडला,

"रंजे! नीट राय गो बाय!"

त्याचा चेहरा त्या क्षणी सगळा उघडा होता. पुढे बस हलली आणि चित्र संपलं.

मला काही सुचेना. मग एकदम सगळं सुचलं. "म्हणजे तुम्ही ओढलीच नव्हती!"

"नाय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी कॅमेरा घेऊन बसच्या पलीकडं होतो. मांडवात परत येताना बघितला त्याला, डिस्क हातात. काय आवरलं ते त्याला कळलंच नव्हतं. नंतर पन कळला नाय. मी पन सांगला नाय." त्यांनी मान खाजवली. "पोरगी आताच गेलेली. त्यात कुठं सांगू त्याला, तुझ्याच हातनं तिचं लगीन पुसलं म्हणून? म्हटलं दोन-चार दिवसांनी सांगू, ते राहूनच गेलं. मग तो गेला. मेलेल्या मानसाच्या डोक्यावर चूक टाकायची काय आता?"

"अहो पण तुमचं नाव गेलं! कामं गेली! आता पुरावा आहे हातात, दाखवा की सगळ्यांना."

"तिला बाप पायजे, सुमनताई. वायर कशाला पायजे?"

ती सगळी दुपार त्यांनी बसून काढली. बाळारामच्या चेहऱ्याभोवती चौकट आवळत आणली. टेबल गेलं, डिस्क गेली, खुर्च्या गेल्या. वर केलेला हात कोपरापासून पुढे चौकटीबाहेर गेला. राहिला तो चेहरा आणि ती हाक. मी दारात उभी राहून धुसफुसत होते, आत-बाहेर करत होते. त्या दिवशी आमची अदलाबदल झाली होती.

चित्र तयार झालं तेव्हा त्याच्या त्यांनी नेहमीप्रमाणे वेगवेगळ्या ठिकाणी प्रती केल्या. "एक घरी, एक दारी," हे त्यांचं ब्रीदच होतं. आणि मग मामीचं मूळ चित्र, ज्यात वायर होती, ते पुसलं. कोणाच्या बारशाचाही फोटो न पुसणाऱ्या माणसाने ते पुसलं. मामीला विचारून तिच्या फोनमधूनही. मी म्हटलं, निदान तुमच्यापाशी तरी ठेवा. "ठेवलं की कधीतरी रागात दाखवायची इच्छा होयाची," ते म्हणाले, आणि परवानगी मागून, दिवा विझेपर्यंत थांबून, त्यांनी फोनची चिंधी सोडली.

रंजना दिवाळीच्या आधी आली. काशीभाऊंनी तिला खुर्ची दिली, स्वतः मागे उभे राहिले, आणि चालू केलं. "रंजे! नीट राय गो बाय!" तिने तोंडावर पदर धरला. मग पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. तिच्या पायाशी फराळाची पिशवी कलंडली तरी तिचं लक्ष नव्हतं. मीही डोळे पुसत होते, खोटं कशाला बोलू.

मग तिने विचारलं, "काका, बाबा हे मधेच खाली काय बघतोय?"

मी काशीभाऊंकडे पाहिलं. माझ्या जिभेच्या टोकावर होतं. कात्री हातात होती, ती मी नुसतीच उघडझाप करत होते. काशीभाऊंनी माझ्याकडे असं बघितलं की मी कात्री मिटली.

"चप्पल शोधत असेल," ते म्हणाले. "मांडवात चपला हरवतातच."

रंजना रडता रडता हसली. "बाबाची चप्पल कायम हरवायची." मग पेनड्राइव्ह घेऊन निघायची वेळ झाली. बाहेर धसईकडची जीप हॉर्न वाजवत होती, ड्रायव्हर ओरडत होता, ती उभी राहून हात पुढे करत होती. काशीभाऊंनी चिंधीला हात लावला नाही. कोपऱ्यात जाऊन परवानगी घेतली आणि दिव्याकडे बघत राहिले. "थांब गो. घास गिळू दे त्याला." दिवा विझला. चिंधी सोडून त्यांनी पेनड्राइव्ह तिच्या मुठीत दिला आणि मूठ मिटून दिली.

दारात ती वळली. चेहरा मोकळा झाला होता तिचा, किती वर्षांनी. "काका, एक सांगू? मी राग नाय धरला कधी. पन त्या दिवशी तुमी एवढी घाई नसती ना केली, तर बाबा सगळाच राहिला असता माझ्यापाशी."

"हां गो," काशीभाऊ म्हणाले. "चुकलंच माझं."

जीप निघाली. त्यानंतरही काशीभाऊ मला वर्षभर तरी रोज दिसत होते, चहा उभ्याने पीत होते, भिंतीपलीकडे चपला वाजवत होते. पण मला ते आठवतात ते तसेच, गाळ्याच्या पायरीवर उभे, पाय अगदी स्थिर, जीप वळणाआड जाऊन तिची धूळ खाली बसली तरी तिकडेच बघत. लाल चिंधी त्यांच्या हातात होती. मग ते मागे वळून म्हणाले, "सुमनताई, चहा सांगा. आज बसून पितो."